ह्यांची झोप

“तायाक्का, ते मुसळ खाली ठेवा. नाहीतर मी येते आणि उकिरड्यावर टाकून देते.”

“अगं शालन, मिरच्या आजच कडक वाळल्यात. उद्या दमट झाल्या म्हणजे?”

“होऊ देत दमट. हे आत्ताच टेकलेत.”

तायाक्का पुटपुटल्या, पण मुसळ ठेवलं. आमच्या ओळीत सगळ्यांना माहीत होतं की माझ्या दारावर जुनं लुगडं आडवं टाकलेलं दिसलं की हे झोपलेत. मग भाजीवाला सुद्धा कोपऱ्यावरूनच आरोळी बंद करून यायचा. कुणी पोराला धपाटा घातला तरी आधी त्याच्या तोंडावर हात ठेवायचा. माझ्या तोंडाला भिऊन म्हणा, नाहीतर ह्यांच्यावरच्या मायेनं म्हणा, पण करायचे सगळे. चार घरांतून कुकरची शिट्टी काढून मी भाताला पातेलं लावायला शिकवलं होतं.

त्या दिवशी तायाक्कांचं मुसळ थांबलं, मी हुश्श करून पाठ टेकतेय तोच भिंतीपलीकडून आवाज आला, “हॅलो, हॅलो, चेक!” आणि मग धाडकन डीजे सुरू झाला. आमच्या डोक्यावरचा पत्रा हादरला. मांडणीतली ताटं वाजायला लागली.

तायाक्का दारातून माझ्याकडे बघत राहिल्या. “आता कुटू का?” त्यांनी विचारलं. कुचकेपणानं नव्हे, खरंच विचारलं.

“कुटा बाई,” मी म्हणाले.

ही गोष्ट फलटणची. गावाबाहेरच्या नव्या रस्त्याला एक मोठं लॉन होतं, लग्नाचं. लॉनच्या पलीकडे बंगल्यांची कॉलनी आणि अलीकडे, मागच्या भिंतीला चिकटून, आमच्या पत्र्याच्या खोल्यांची ओळ. आम्ही खोली घेतली ती पावसाळ्यात. भाडं कमी, पाणी दारात, मला वाटलं नशीबच उघडलं. मालक एवढा गोड का बोलत होता, ते लग्नसराई लागल्यावर कळलं.

हे दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. दिवेलागणीला डेअरीतून गाडी काढायची, रातोरात वाशीला दूध ओतायचं आणि उजाडल्यावर माघारी यायचं. सगळं जग उठतं तेव्हा ह्यांची रात्र व्हायची. अंघोळ, भाकरी, आणि आडवे. दुपारची ती झोप झाली तरच रात्री स्टिअरिंगवर डोळे उघडे राहणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. मागच्या सराईत एकदा खंडाळ्याच्या घाटात ह्यांचा डोळा लागला होता. मागच्या ट्रकवाल्यानं जोरात हॉर्न दिला म्हणून हे जागे झाले, तेव्हा पुढचं चाक रस्त्याच्या कडेला होतं. मला हे त्यांनी हसत सांगितलं होतं.

“शालन, घाटात काय मस्त वारा असतो सांगू. आपल्या पत्र्यापेक्षा तिथंच बरी झोप लागते.”

“जीभ हासडीन,” मी म्हणाले होते, आणि आत जाऊन रडले होते.

तेव्हापासून मला एकच ध्यास. ह्यांची झोप. मे महिन्यात पत्रा तापला की वर ओली गोणपाटं टाकायची, खिडकी सताड उघडी ठेवायची, उशाशी बसून वारा घालायचा. खिडकी लावली तर माणूस भाजून निघेल, आणि उघडी ठेवली तर डीजे आत. करायचं काय? हे कानात कापूस घालायचे, डोक्यावर ओला टॉवेल घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. बेसचा आवाज काही कानातून येत नाही हो. तो खाटेच्या पायातून येतो, छातीत येतो. हे मधेच उठून बसायचे, छाती चोळायचे. म्हणायचे, पित्त झालंय. मग मी सोडा द्यायची.

सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, दाराशी बसून त्या नवरानवरीला शिव्या घालायच्या. “मेल्यांनो, लग्न तुमचं आणि घोर आमच्या जिवाला!”

“आत्ती, लग्नघराला शिव्या देऊ नयेत.”

“मग कुणाला देऊ? तू सांग, त्याला देते.”

मला तरी कुठं माहीत होतं.

मी पलीकडच्या कॉलनीत अभ्यंकर काकूंकडे पोळ्याभाजीला जायची. त्यांचा बंगला लॉनपासून आमच्याएवढ्याच अंतरावर. लॉनच्या दारातून बाहेर पडलं की उलट आमच्याआधी त्यांचंच फाटक लागायचं. पण गंमत अशी की आत पाऊल टाकलं, दार लोटलं, की डीजे जणू शेजारच्या गावाला गेला. खिडक्यांना दुहेरी काचा, वर जाड पडदे, आणि एसी. दुपारी काकू जेवून झोपायच्या त्या चहाच्या वेळेलाच उठायच्या. मी ओट्याशी पोळ्या लाटता लाटता त्यांच्या बंद दाराकडे बघायची. हेवा वाटायचा, लपवू कशाला? वाटायचं, ह्यांना उचलून आणावं आणि त्या थंडगार खोलीच्या कोपऱ्यात फरशीवर नुसतं टाकावं. पलंग नको, गादी नको.

एकदा न राहवून काकूंना विचारलं, “तुम्हाला झोप लागते का हो या आवाजात?”

“कसल्या आवाजात?” त्या म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. “अगं, खिडक्या लावल्या की काही नाही. पण काका फार चिडतात. संध्याकाळी गच्चीवर बसता येत नाही ना.”

काका बँकेतून निवृत्त झालेले. शिस्तीचा माणूस. त्यांनीच एक दिवस मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, “शालन, आम्ही कॉलनीवाले लॉनच्या मॅनेजरला भेटणार आहोत. पोलीस पण येतील. तुमच्या ओळीतल्या बायकांना घेऊन ये. तुम्ही लोक असलात की वजन पडतं.”

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! एवढी मोठी माणसं आपल्याला बरोबर घेतायत. मी घरोघर फिरले. तायाक्कांनी कामाला दांडी मारली, बाकीच्या पोराबाळांना घेऊन आल्या. लॉनच्या ऑफिसात भोईटे मॅनेजर, एक हवालदार, कॉलनीची चार-पाच माणसं आणि आम्ही बायका. काका म्हणाले, “यांचं ऐका. बोल शालन.”

मी बोलले. आयुष्यात कधी चारचौघांत बोलले नव्हते, पण त्या दिवशी जीभ अडखळली नाही. “माझा माणूस रात्री दुधाची गाडी चालवतो. दुपारी त्याला झोप लागली नाही तर तो रात्री घाटात झोपेल. तुमच्या गाण्यानं माझं कुंकू पुसलं जाईल. लग्नं करा, बँड लावा, पण एवढं घुमवू नका.”

हवालदारानं टोपी काढून कपाळ पुसलं. भोईट्यांनी मान खाली घातली. काका म्हणाले, “बघा, हा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“बरोबर आहे साहेब तुमचं,” भोईटे काकांना म्हणाले. “डीजे बंद केला तर बुकिंग जाईल माझं. पण परवापासून एकाही स्पीकरचं तोंड तुमच्याकडे राहणार नाही. शब्द देतो.”

सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा डोलावली. येताना मी पावशेर पेढे घेतले आणि ओळीत वाटले. ह्यांना सांगितलं तर हे हसले. “पुढारीणबाई झालात की!” आणि माझ्या हातातला पेढा अर्धा मोडून मला भरवला.

परवा लग्न होतं. सकाळी हे आले, जेवले, आडवे झाले. आणि असा आवाज सुरू झाला की मला वाटलं पत्रा उडाला. पूर्वी निदान अर्धा आवाज पलीकडे जायचा. मी धावत बाहेर गेले, भिंतीशी दगड लावून वर चढले. सगळे स्पीकर एका रांगेत मांडलेले. कॉलनीकडे पाठी आणि आमच्याकडे तोंडं.

“तुमच्याकडे” म्हणजे कुणाकडे, ते विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आम्हाला त्यांच्यात धरलं होतं.

चप्पल न घालता मी बंगल्यावर गेले. काका गच्चीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते.

“काका, त्यांनी सगळे स्पीकर आमच्याकडे वळवलेत.”

“हो, ऐकलं मी.” त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं, नाही म्हणायचं नाही. “अगं, पण कुठल्यातरी दिशेला तोंड करावंच लागणार ना? आता बुकिंग झालेली आहेत त्यांची. पुढच्या वर्षी बघू आपण. आणि तुम्हा लोकांना जरा सवय असते.”

“कसली सवय?”

“गोंगाटाची. वस्तीत माणूस कसाही झोपतो. आम्हाला बघ, एक थेंब टपकला नळाचा तरी जाग येते.”

काकू मागून आल्या. भली बाई होती, खोटं का बोलू? आत जाऊन त्यांनी एक छोटी पिशवी आणली. “हे कानात घालायला दे त्याला. विमानात देतात. मी वापरलेलं नाही.” पिवळी, बोटभर बोळ्यांसारखी काहीतरी होती. मी घेतली. “आमच्याकडेच झोप म्हटलं असतं गं त्याला,” त्या पुढं म्हणाल्या, “पण सध्या पाहुणे आहेत.”

पाहुणे नव्हते. पोळ्या मी करत होते, किती माणसांच्या होतात ते मला माहीत होतं. पिशवी मुठीत धरून मी खाली उतरले.

ती पिवळी बोळी ह्यांच्या कानात राहिली नाहीत. घामानं सुटायची. आत्तीनं ती चुलीत टाकली.

मग सगळी सराई तशीच गेली. एक दिवस आड लग्न, कधी रोज. हे वाळायला लागले. डोळ्यांखाली काळं, जेवणावर वासना नाही. आधी कधी माझ्यावर आवाज न चढवणारा माणूस, पण भाकरी करपली म्हणून ह्यांनी ताट भिरकावलं एकदा. मग स्वतःच उठून सांडलेली आमटी पुसली आणि भिंतीला टेकून बसून राहिले.

“डेअरीत सांगा की, आठ दिवस दिवसपाळी द्या म्हणावं,” मी म्हणाले.

“सांगितलं.”

“मग?”

“म्हणाले, दूध रात्रीच जातं. तुला जमत नसलं तर सांग, रांग लागलीय.” मग म्हणाले, “संपत आली आता सराई. पाऊस पडला की झोपतो. तेव्हा उठवायला येऊ नकोस, आषाढातच उठीन.”

रोज संध्याकाळी गाडी निघाली की मी देवापुढं बसायची. सकाळी फाटक वाजलं की श्वास सोडायची. आमची लेक शाळेच्या सुट्टीला मामाकडे गेली होती ते बरंच होतं. माझं तिच्याकडे लक्षच नसतं राहिलं.

मे महिन्याच्या शेवटाला एक मोठं लग्न आलं. त्या दिवशी हे आले तेच भिंत धरत. चेहरा राखेसारखा. चहा दिला, अर्धा तसाच ठेवला.

“आज जाऊ नका,” मी म्हणाले. “माझी आण आहे.”

“बदली माणूस नाही. दोन तास डोळा लागला तरी पुरे मला. बाकी काही नको.”

“सोडा देऊ?”

“नको. झोप दे फक्त.”

हे आडवे झाले आणि पलीकडे हळदीची गाणी सुरू झाली. मी वारा घालत बसले. हे या कुशीवरून त्या कुशीवर. उशी डोक्यावर घेत, काढून टाकत. एकदा उठून बसले आणि दोन्ही हातांनी कान दाबून म्हणाले, “शालन, अगं सांगा ना कुणीतरी त्यांना.” लहान पोरासारखे. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग पत्र्यावरची गोणपाटं सुकली म्हणून बादली घेऊन बाहेर गेले. नळाला पाणी बारीक येत होतं. बादली भरायची, शिडीवर चढायचं, ओतायचं, असं बराच वेळ चाललं. पलीकडे वरात दाराशी आली होती, नाचणाऱ्यांचा नुसता कल्लोळ.

आत आले तर हे शांत. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी, एक हात छातीखाली. हूं की चूं नाही. तेवढ्या आवाजात! मी दारातच थांबले. माझा विश्वास बसेना. हात जोडले मी, खरंच जोडले. म्हटलं, देवा, एकदाचं ऐकलंस.

आत्ती भाकरीचं ताट घेऊन आल्या, त्यांना मी दारातूनच परत फिरवलं.

“लागली?” त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं.

मी मान हलवली. आत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर जाऊन त्यांनी तायाक्कांना सांगितलं, तायाक्कांनी पुढच्या दारात सांगितलं, आणि सगळ्या ओळीनं पोरं आत घेतली. डीजे एवढा बोंबलत होता आणि आमच्या बायका चवड्यावर चालत होत्या. आता आठवलं की हसू येतं आणि पुढं रडू येतं.

मी वारासुद्धा घातला नाही, पंख्याच्या वाऱ्यानं जाग येईल म्हणून. उंबऱ्यात बसून राखण केली. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या. ह्यांचा मोबाईल थरथरला तो उचलून पदराखाली धरला आणि बंद करून टाकला. ऊन कलायला लागलं तशा आत्ती कुजबुजल्या, “उठव गं आता. चहा घेऊन निघू दे त्याला.”

“नाही उठवत.”

“गाडी?”

“गाडी गेली खड्ड्यात.”

डेअरीचा सुपरवायझर मोटारसायकलवर आला. हॉर्न द्यायला लागला तशी मी धावत जाऊन त्याचा हातच धरला.

“हॉर्न वाजवायचा नाही.”

“बाई, टँकर भरून उभाय. हणमंताला पाठवा.”

“ते आज येणार नाहीत. माझा माणूस झोपलाय. इतक्या दिवसांनी झोपलाय. तुम्ही दुसरा बघा, नाहीतर स्वतः चालवा.”

“उद्यापासून येऊ नको म्हणावं मग.”

“नाही येणार!” मी म्हणाले. “मी पोळ्यांची घरं वाढवीन चार, पण त्याला तुमच्या गाडीवर पाठवणार नाही.” तो गेला. माझी छाती अशी भरून आली होती की काय सांगू. वाटलं, हे उठले की रागावतील, मग मी सांगीन की मीच तुमची नोकरी सोडली. मग हसतील. मग आपण गावाकडं जाऊ, काही करू, पण रात्री झोपू माणसासारखं.

मी चहा टाकला. कप घेऊन आत गेले आणि त्यांच्या पायाला हात लावला. खोलीत भट्टी पेटलेली, माझ्या अंगाला घामाच्या धारा, आणि त्यांचा पाय गार.

मी ओरडले. आत्ती दारात बसल्या होत्या, त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. पलीकडे असा दणका चालला होता. मी पुन्हा ओरडले, ह्यांना हलवलं, नाव घेऊन हाक मारली. जन्मात कधी नाव घेतलं नव्हतं. शेवटी मी बाहेर येऊन आत्तींचा दंड धरला आणि ओढत आत नेलं.

डॉक्टर आले ते म्हणाले, हृदय बंद पडलं, दुपारीच, बराच वेळ झाला. मी त्यांना एकच विचारलं, “मला हाक मारली असेल का हो त्यांनी?”

“नाही बाई. झोपेतच गेले ते. कळलंही नसेल.”

चांगला माणूस होता डॉक्टर. पण मी तिथं पाण्याच्या बादल्या ओतत होते आणि पलीकडे वरात नाचत होती. हाक मारली असती तरी मला ऐकू आली नसती, हे त्याला काय माहीत.

ओळीतलं कुणीतरी लॉनवर सांगायला गेलं असावं. एकदम, गाण्याच्या मधेच, डीजे थांबला. इतकं शांत झालं की बायकांचं रडणं मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं. थोड्या वेळानं भोईटे मॅनेजर स्वतः आले. बरोबर नवरीचे वडील, फेटा काढून हातात घेतलेला. दोघांनी ह्यांच्या पायाला हात लावून नमस्कार केला.

“ताई, शेजारी असं झाल्यावर आम्ही वाजवू कसं?” भोईटे म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. “आजचं रिसेप्शन बिनआवाजाचं. पुढची लग्नंसुद्धा. दहावा होईपर्यंत इथं काही वाजणार नाही. माझा शब्द आहे.”

दहा दिवस. ह्यांनी दोन तास मागितले होते.

शब्द पाळला त्यांनी. लग्नं झाली, भिंतीपलीकडे नुसती पंगतीची कुजबुज ऐकू यायची. ओळीतली माणसं दुपारी झोपायला लागली. तायाक्कांच्या घरात घोरण्याचा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी, ह्यांची राख सावडून आले आणि त्याच खाटेशेजारी जमिनीवर पडले, तर मलासुद्धा झोप लागली. गाढ. कितीतरी महिन्यांत लागली नव्हती अशी. जाग आली तेव्हा आत्ती उशाशी बसून मला वारा घालत होत्या.

“झोप गं,” त्या म्हणाल्या. “आज काही वाजत नाही.”

मला ते सहन झालं नाही. मी तशीच उठले, विस्कटलेल्या केसांनी भिंतीशी गेले, दगडावर चढले. पलीकडे मांडवात माणसं जेवत होती. मी ओरडले, “वाजवा! आता का बंद ठेवलंय? तो गेला ना? वाजवा की, मुडद्यांनो, वाजवा!”

पंगतीतली माणसं हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. भोईटे लांबूनच हात जोडून उभे होते. तायाक्कांनी मला कमरेला धरून खाली उतरवलं आणि घरात नेलं.

कुणी काही वाजवलं नाही. माणसं चांगली होती हो सगळी. दहावा होईपर्यंत कुणी काही वाजवलं नाही.